‘स्रोत : गुगल’ : एका लघुप्रबंधातल्या १९ चित्रांचं प्रकरण

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. एम.ए.चे लघुप्रबंध बांधणीला जाण्याआधी माझ्याकडून जातात, ते साम्य-तपासणीसाठी, म्हणजे मजकूर कुठून उचललेला नाही ना हे बघायला. फाइल सॉफ्टवेअरमध्ये घालायची, टक्केवारीचा कागद काढायचा, शिक्का मारायचा, सही करायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य दंडाविना चालतं, त्यामुळे आकडा एक अंकी आला की सगळ्यांचे चेहरे उजळतात. या प्रकरणातल्या विद्यार्थिनीचा आकडा ६ आला होता.

विषय भूगोलाचा. निसर्ग चक्रीवादळानंतर दिवेआगर आणि श्रीवर्धन परिसरातल्या नारळ-सुपारीच्या बागांचं नुकसान आणि पुढची पुनर्लागवड. ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. मुरूड, श्रीवर्धन, दापोली, मंडणगड या तालुक्यांतल्या बागांचं काय झालं ते इथल्या कुणालाच सांगावं लागत नाही. श्रीवर्धनी रोठ्याचं, म्हणजे इथल्या सुपारीचं, नाव घेऊन चार पिढ्या जगलेल्या घरांची आगरं एका दुपारीत आडवी झाली. मुलगी दिवेआगरचीच. घरची दीड एकर वाडी, त्यातल्या बहुतेक पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, गेल्या. म्हणजे विषय तिने पुस्तकातून निवडलेला नव्हता. मजकूरही चांगला होता: ४२ बागायतदारांच्या मुलाखती, पंचनाम्याचे आकडे, रोपांचा खर्च. चित्रं १९ होती, आणि त्या १९ चित्रांकडे तोपर्यंत कुणीही पाहिलेलं नव्हतं. मीही नाही. सॉफ्टवेअर मजकूर जुळवून बघतं, चित्रांवरून ते सरळ पुढे जातं. त्या ६ टक्क्यांत चित्रांबद्दल एक अक्षर नव्हतं.

प्रकरण उघडलं ते प्रिंटरमुळे. संदर्भसूचीचं शेवटचं पान छापताना पाऊण पान नुसत्या अक्षरांनी भरून आलं. ‘डेटा:इमेज’ अशी सुरुवात, मग स्पेस नाही, विराम नाही, रोमन अक्षरं आणि आकडे एकमेकांत गुंतलेले, तीस-पस्तीस ओळी. आमचे शिपाई काका ते पान हातात घेऊन आले. “बाई, मशीन बिघडलं वाटतं.”

मशीन ठीक होतं. गुगलच्या निकालांच्या पानावर चित्रावर बोट दाबून ‘पत्ता कॉपी करा’ म्हटलं की कधी कधी हेच होतं. तिथं दिसणारी लहान प्रतिमा ही गुगलने स्वतःजवळ ठेवलेली झलक असते. तिचा पत्ता एक तर गुगलच्याच साठवणीचा असतो, नाहीतर अख्खी प्रतिमाच अक्षरांत रूपांतर होऊन येते. तिने ते जसंच्या तसं सूचीत चिकटवलं होतं. म्हणजे एका अर्थी तिने चित्राचा पत्ता दिला नव्हता, चित्रच दिलं होतं, फक्त कुणाला दिसणार नाही अशा रूपात. मला हसू आलं, पण तिच्यासमोर हसले नाही.

काकांनी मात्र त्या पानाबरोबर आलेलं चित्र ७ उचललं होतं आणि ते खिडकीकडे धरून बघत होते. खाली ओळ होती: ‘निसर्ग चक्रीवादळात उन्मळून पडलेली सुपारीची बाग, दिवेआगर. स्रोत : गुगल.’

“बाई, हे आपल्याकडचं नाय.”

“कशावरून?”

“पोफळी कुठायत ह्यात? सगळे माड हायेत. आणि माडसुद्धा एवढे लांब लांब कोण लावतो? खाली बघा, एक केळ नाय, जायफळ नाय, मिरीचा वेल नाय. नुसती माती. आपलं आगर असं मोकळं असतं काय?”

काकांचं स्वतःचं आगर बोर्लीकडे आहे. सुपारी आणि नारळ यांतला फरक सांगायला त्यांना चष्मा लागत नाही. पोफळीचं खोड बारीक, सरळसोट, शेंड्याजवळ हिरवं. माड राखाडी, जाड, बुंध्याशी फुगलेला. चित्रातली झाडं दुसऱ्या जातीची होती, आणि ही चूक भूगोलाच्या मार्गदर्शकांच्या, विद्यार्थिनीच्या आणि माझ्या नजरेतून सुटली होती. तिच्या घरी पोफळी आहेत, तरी सुटली. याचं कारण मला नंतर कळलं, ते पुढे येईल.

त्या दुपारी मी चित्र ७ गुगल लेन्समध्ये घातलं. भराभर निकाल आले, त्यांतले कितीतरी मराठी आणि ‘निसर्ग’चं नाव घेणारे. इथेच थांबले असते तर तिची ओळ बरोबर ठरली असती. मग तेच चित्र टिनआयवर, म्हणजे चित्रावरून चित्र शोधणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळावर, टाकलं. टिनआयचा उपयोग असा की निकाल जुन्यापासून नव्याकडे लावता येतात. सर्वांत जुनी प्रत नोव्हेंबर २०१८ ची निघाली. दीड वर्षानंतर येणाऱ्या वादळाचा फोटो २०१८ मध्ये कुणी काढू शकत नाही, त्यामुळे प्रश्न तिथेच संपला होता. तरी मी त्या पानापर्यंत गेले. इंग्रजी बातमी, खाली वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराचं नाव, आणि मजकूर: गजा चक्रीवादळानंतरची तंजावर जिल्ह्यातली नारळाची बाग. गजा १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं होतं आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या माडांची त्याने वाताहत केली होती. काकांनी खिडकीत उभं राहून जे ओळखलं ते शोधयंत्राला दोन टप्प्यांनी सापडलं.

तिला बोलावलं. ती आली तीच घाबरलेली, कारण सहीला उशीर म्हणजे बांधणीला उशीर, आणि सादर करायची तारीख बारा दिवसांवर.

“मॅडम, पण सगळीकडे हा फोटो निसर्गचाच म्हणून आहे. चार-पाच ठिकाणी बघितला मी.”

“त्या चार-पाच जणांनी कुठून घेतला?”

ती गप्प. मग म्हणाली, “गुगलवरूनच असेल.”

‘स्रोत : गुगल’ ही ओळ मी पहिल्यांदा पाहिली असं नाही. दर वर्षी पाहते. ग्रंथालयात एखाद्या मुलाने पुस्तकाच्या संदर्भात ‘स्रोत : कपाट क्रमांक ४, वरचा कप्पा’ असं लिहिलं तर त्याला आपण हसू. गुगल हे कपाटच आहे. पिंटरेस्ट हे दुसऱ्याच्या कपाटातून काढून लावलेलं कपाट. चित्र कुणी काढलं, केव्हा, कुठे, कशासाठी आणि आज ते नेमकं कुठे बघायला मिळेल, यांतलं काहीच त्या ओळीत नसतं. पण इतकी वर्षं मी ही ओळ शैलीतली चूक म्हणून लाल पेनाने गोल करत होते आणि पुढे जात होते. चित्र ७ मुळे कळलं की त्या ओळीआड काय काय लपू शकतं.

सर्वांत वाईट गोष्ट तर मजकुरात होती. चित्राखालच्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं: ‘वादळाच्या वेगामुळे बहुतांश झाडे मुळासकट उपटली गेली, हे आकृतीवरून स्पष्ट होते.’ मी तिला तिच्याच मुलाखती काढायला लावल्या. बागायतदार काय सांगत होते? पोफळी कमरेत मोडल्या. काडीसारख्या तुटल्या. शेंडा एकीकडे, खोड उभं. मुळासकट गेले ते मुख्यतः माड आणि मोठे आंबे. म्हणजे तिच्या स्वतःच्या ४२ मुलाखती एक सांगत होत्या आणि तमिळनाडूतला एक फोटो दुसरं, आणि लिहिताना तिने फोटोवर विश्वास ठेवला होता. हा फरक बारीक नाही. कमरेत मोडलेली पोफळ गेली ती गेलीच. अर्धवट कललेला लहान माड मात्र वेळेत उभा करून माती लावली तर जगू शकतो. पुनर्लागवडीचा खर्च मांडणाऱ्या प्रबंधात हे वाक्य चुकलं तर पुढचं कोष्टकही डळमळतं.

मग आम्ही दोघींनी १९ च्या १९ चित्रं टेबलावर पसरली. सहा ‘गुगल’ची. पाच व्हॉट्सॲपवरून आलेली. चार उपग्रहाची. तीन ‘विकिपीडिया’ची. एक तिने स्वतः काढलेला आलेख, त्याच्याखालीही तिने ‘स्रोत : एक्सेल’ लिहिलं होतं. तो आलेख तिच्या मुलाखतींवरून होता. ‘स्रोत : संशोधकाचे सर्वेक्षण’ एवढं लिहून तो बाजूला ठेवला.

विकिपीडियाची तीन सोपी. लेखात दिसणारं चित्र बहुधा विकिमीडिया कॉमन्सवर ठेवलेलं असतं. त्यावर टिचकी मारून पुढे गेलं की चित्राचं स्वतःचं पान उघडतं, आणि तिथे काढणाऱ्याचं नाव, तारीख, परवाना सगळं मांडलेलं असतं. कधी नावाऐवजी सदस्यनाव असतं, तेच जसंच्या तसं द्यायचं, त्याचं मराठीकरण करत बसायचं नाही. तिन्ही चित्रांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेयनिर्देश-समसमान वाटणी ४.०’ परवाना होता. म्हणजे वापरा, पण नाव द्या, परवान्याचा उल्लेख आणि दुवा द्या, आणि काही बदल केला असेल तर तो केला असं सांगा. तिने दोन चित्रं छाटली होती, एक काळंपांढरं केलं होतं, कारण बांधणीवाल्याने रंगीत पानाचे वीस रुपये सांगितले होते. मग ओळीत ‘छाटून, कृष्णधवल करून’ असं घातलं. ‘समसमान वाटणी’ वाचून ती घाबरली की आता अख्खा प्रबंधच मोफत वाटायचा की काय. तसं नाही. ती अट बदललेल्या चित्रापुरती राहते, त्याच्या शेजारच्या ऐंशी पानांना ती लागत नाही.

या तिघांतलं एक चित्र पोफळीच्या घडाचं होतं आणि ते कर्नाटकातलं निघालं. ती लगेच काढून टाकायला निघाली. मी थांबवलं. घड कसा दिसतो हे दाखवायला कर्नाटकातला घड चालतो, कारण तिथं तिचा दावा ‘सुपारी अशी असते’ एवढाच आहे, जागेबद्दल काहीच नाही. चित्र ७ चा दावा ‘इथे असं झालं’ असा होता. चित्र नमुना म्हणून येतं तेव्हा त्याच्याकडून कमी मागावं लागतं. पुरावा म्हणून येतं तेव्हा जागा, दिवस आणि काढणारा, तिन्ही हवेत. माझ्या मते हा भेद संदर्भशैलीच्या कुठल्याही पुस्तिकेपेक्षा आधी शिकवायला हवा. एपीए की एमएलए, स्वल्पविराम कुठे, हे नंतर.

उपग्रहाच्या चारांनी वेगळीच गंमत केली. दोन गुगल अर्थवरून घेतलेले स्क्रीनशॉट होते, ‘मे २०२०’ आणि ‘जून २०२०’, वादळाआधी आणि वादळानंतर. चित्रं नीट दिसावीत म्हणून तिने खालची पट्टी छाटली होती. नेमकी त्याच पट्टीत प्रतिमा कुणी पुरवली ते नाव आणि प्रतिमेची तारीख असते. गुगलची अट अशी की ते श्रेय चित्रावर वाचता येईल असं राहिलं पाहिजे. पण मला शंका आली ती तारखेची. जूनमध्ये कोकणावर आकाश इतकं स्वच्छ? पहिल्या आठवड्यानंतर ढग हटतात कुठे? आम्ही गुगल अर्थ प्रो उघडलं, जुन्या प्रतिमांचा सरकता पट्टा मागे नेला. तिची ‘जून’ची प्रतिमा पावसाळा संपल्यानंतरची निघाली. तोवर मोडलेली खोडं काढून बऱ्याच जागी गवत माजलेलं होतं, आणि ते गवत तिने ‘वाचलेला हिरवा पट्टा’ म्हणून मोजलं होतं. तिने डोक्याला हात लावला. मीही लावला असता, पण मला थोडा आनंदही होत होता, हे कबूल करते.

बाकीच्या दोन सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या होत्या. त्यांची विदा (डेटा) कुणालाही मोफत मिळते, १० मीटर तपशिलाची, आणि श्रेयाची ओळही ठरलेली आहे: सुधारित कोपर्निकस सेंटिनेल विदा, आणि वर्ष. तिने ती बरोबर लिहिली होती, कारण जिथून उतरवून घेतली तिथे ओळ समोरच दिली होती. जिथे वाट दाखवलेली असते तिथे मुलं चुकत नाहीत.

‘गुगल’च्या उरलेल्या पाचांचा निकाल पटापट लागला. एक सरकारी अहवालाच्या पीडीएफमधलं, तर अहवाल, पान क्रमांक आणि पत्ता. एक खरोखरच निसर्गचं, अलिबागचं, वृत्तसंस्थेचं. एका चित्राच्या कोपऱ्यात छायाचित्र विकणाऱ्या संकेतस्थळाचा अर्धा शिक्का दिसत होता, बाकीचा छाटलेला. ते काढलं. एक बंद पडलेल्या पानावरचं, ते जुनी पानं साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या तारखेसह सापडलं, तोच पत्ता दिला. एकाचा मूळ धागा कुठेच लागला नाही. तिने विचारलं, “मग ‘स्रोत अज्ञात’ लिहू?” कुणी काढलं, कुठे काढलं हे माहीत नसलेला फोटो नुकसानीचा पुरावा म्हणून द्यायचा कसा? तोही गेला.

आता कायद्याचं. मार्गदर्शक सर खाली आले होते तेव्हा त्यांनी विचारलं, “शैक्षणिक वापर आहे ना मॅडम, मग काय अडचण? एवढं कोण बघतं?” त्यांच्याकडे त्या वर्षी चौदा विद्यार्थी होते आणि प्रवेशसमितीचं काम वेगळं, त्यामुळे त्यांचा वैताग मला कळत होता. आणि ते अर्धे बरोबरही होते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खाजगी वापर, टीका, समीक्षा यांसाठी रास्त वापराला मोकळीक आहे. परीक्षकापुढे ठेवायच्या चार प्रतींत एखादं बातमीतलं चित्र आलं म्हणून कुणी दाराशी येत नाही. पण याच प्रबंधातून सरांनी तिचा एक निबंध परिसंवादाच्या पुस्तकासाठी घेतला होता, ते पुस्तक आयएसबीएन लावून छापलं जाणार होतं आणि विकलं जाणार होतं. तिथे वृत्तसंस्थेचं चित्र परवानगीशिवाय टाकणं ही वेगळी गोष्ट झाली. शिवाय कलम ५७ प्रमाणे आपलं काम आपलं म्हणून सांगण्याचा हक्क काढणाऱ्याकडे प्रताधिकारापासून स्वतंत्र असा राहतो. परवानगी घेणं आणि नाव देणं ही दोन कामं आहेत. एक केलं म्हणून दुसरं माफ होत नाही. सरांनी ऐकून घेतलं, अलिबागचं चित्र प्रबंधात नावासकट ठेवायचं आणि पुस्तकातून वगळायचं असं ठरलं. सर जाताना म्हणाले, “मग चित्र ७ च्या जागी टाकणार काय?”

तोच खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या पाच व्हॉट्सॲप चित्रांत पडलेलं होतं.

ती पाच चित्रं तिने प्रबंधाच्या शेवटी परिशिष्टात, टपाल तिकिटाएवढी करून, एका पानावर कोंबली होती. खाली ‘स्रोत : व्हॉट्सॲप’. एक मी मोठं करून पाहिलं. चिखलात पाय रोवून उभं राहून काढलेला, किंचित तिरका फोटो. समोर सात-आठ पोफळी, प्रत्येक वेगवेगळ्या उंचीवर मोडलेली, फाटलेल्या विऱ्या लोंबणाऱ्या, मागे रहाटाची विहीर आणि तिच्यावर आडवा झालेला माड. डाव्या कोपऱ्यात एक लहान माड कललेला, मुळं अर्धी उघडी. केळी चिखलात बसलेल्या. हे आगर होतं. शिपाई काकांना दाखवलं तर त्यांनी एकदाच मान हलवली.

“हा कुठला गं?”

“आमचाच मॅडम. काकाने काढलाय.”

“मग हा परिशिष्टात आणि तो पुढे?”

ती जरा वेळाने म्हणाली, “घरचा फोटो कसा चालेल? तो साधा मोबाइलवरचा आहे. नेटवरचा कसा, बघितल्यावर वाटतं काहीतरी झालंय.”

पोफळी आणि माड यांतला फरक तिला दिसला नाही, याचं कारण हे. ती त्या चित्रात झाडं बघतच नव्हती. नेटवरचं म्हणजे कुणीतरी तपासलेलं, आणि घरचं म्हणजे पुराव्याला न चालणारं, हा समज आम्हीच वर्गात तयार केला आहे. आम्ही त्यांना ‘संदर्भ द्या’ म्हणतो आणि संदर्भ म्हणजे बाहेरचं काहीतरी, असं ते समजतात.

घरच्या फोटोलाही सोडणार नव्हते मी. त्याची फाइल उघडली. नाव होतं ‘आयएमजी-२०२००६१९-डब्ल्यूए००१४’. तिने त्यावरून ‘१९ जून २०२०’ अशी तारीख लिहिली होती. व्हॉट्सॲपच्या फाइलच्या नावातली तारीख फोटो काढल्याची नसते, तो त्या मोबाइलवर आला त्या दिवसाची असते. आणि फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि आतली माहिती, म्हणजे काढल्याची वेळ, मोबाइलचा प्रकार, असलंच तर ठिकाण, हे सगळं पुसून टाकतं. हाच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला असता तर ते शिल्लक राहिलं असतं. तेव्हा मूळ फाइल हवी. तिच्या काकाचा तो मोबाइल दोन पावसाळ्यांपूर्वी विहिरीत पडला होता.

शनिवारी ती एसटीने घरी गेली आणि सोमवारी वहीत लिहून घेऊन आली. काकाला नक्की दिवस आठवत नव्हता. वादळानंतर गावात कितीतरी दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती, मोबाइल कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करत होते. काकूला आठवत होतं. त्या वर्षी वटपौर्णिमा वादळानंतर दोनच दिवसांनी आली. वाडीच्या बांधावरचा वड पडलेला होता. बायकांनी आडव्या पडलेल्या वडालाच सूत गुंडाळलं, पूजा झाल्यावर काकूने काकाला म्हटलं की आता एकदाचा फोटो तरी काढून ठेवा, पंचनाम्याला लागेल. २०२० ची वटपौर्णिमा ५ जूनला होती. कालनिर्णय काढून पाहिलं. रेंज आल्यावर फोटो मुंबईच्या नातेवाइकांना गेले, तेव्हा १९ तारीख.

१४ दिवसांचा फरक क्षुल्लक वाटेल. पण १९ जूनला खोडं तोडून रचायला सुरुवात झालेली होती, आणि तिचा मुद्दा वादळाने काय मोडलं हा होता, माणसांनी काय तोडलं हा नव्हता.

ओळ आम्ही तीनदा लिहिली. शेवटची अशी: ‘चित्र ७. कमरेत मोडलेल्या पोफळी व उन्मळलेला माड, घरचे आगर, दिवेआगर. छायाचित्र :’ पुढे काकाचं पूर्ण नाव, ‘५ जून २०२० (तारीख छायाचित्रकाराच्या कुटुंबाच्या आठवणीनुसार; मूळ फाइल उपलब्ध नाही). व्हॉट्सॲपवरील प्रतीवरून, परवानगीने.’ संदर्भसूचीत मात्र हे चित्र घातलं नाही. वाचक जिथे स्वतः पोचू शकत नाही अशी खाजगी सामग्री एपीए पद्धतीत सूचीत येत नाही, तिचा उल्लेख जागच्या जागी होतो. परवानगीचा मेसेज काकाने ‘घे की’ एवढाच पाठवला होता. मी तिला तो जपून ठेवायला सांगितला. नावाबद्दल मात्र काकाचा आग्रह वेगळा होता: “माझं नाव कशाला, बाग आबांची.” यावर पाच मिनिटं चर्चा झाली. फोटोखाली काढणाऱ्याचं नाव राहिलं आणि मजकुरात बागेपुढे आबांचं आलं.

‘बहुतांश झाडे मुळासकट’ हे वाक्य गेलं. त्या जागी मुलाखतींतून मोजून केलेलं छोटं कोष्टक आलं: किती मोडल्या, किती उन्मळल्या. उपग्रहाच्या ‘वाचलेल्या हिरव्या पट्ट्या’चं अख्खं उपप्रकरण तिने दोन रात्रींत पुन्हा लिहिलं. चित्रं १९ ची १६ झाली. गजाचं, शिक्क्याचं आणि बेवारस, ही तीन गेली. घरचा फोटो परिशिष्टातून सातव्या जागी आला. साम्याची टक्केवारी पुन्हा काढली, ती ६ च आली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चित्रांबद्दल काहीही विचारलं नाही. त्यांनी पावसाच्या कोष्टकातली बेरीज धरली, ती एके ठिकाणी चुकली होती.

तेव्हापासून मी टक्केवारीच्या कागदाला एक साधं पान जोडते. चित्र कुठे दिसलं, मूळ कुठे आहे, कुणी काढलं, केव्हा, कोणत्या अटीवर, आपण त्यात काय बदललं, आणि ते नमुना आहे की पुरावा. शेवटचा रकाना भरताना मुलं सर्वांत जास्त वेळ घेतात. काहींना तो भरताना चित्रच नको वाटू लागतं. त्यालाही माझी हरकत नाही.

बांधलेली एक प्रत ग्रंथालयात आली. निकालानंतर ती काकाला घेऊन आली होती, त्याला पान बघायचं होतं. त्याने चित्र ७ वर बोट ठेवलं, आधी छपाई काळपट आली म्हणून कुरकुर केली, मग डाव्या कोपऱ्यातल्या कललेल्या लहान माडाकडे बोट नेलं. “हा उभा केला होता आम्ही, दोर लावून. जगलाय तो. यंदा पहिल्यांदा पोय आली. हे लिहिलं नाहीस?”

ग्रंथालयाच्या प्रतीत काही लिहायचं नाही, हा नियम मीच भिंतीवर लावलेला आहे. चित्र ७ च्या खाली पेन्सिलीने एक ओळ आहे. ती मी खोडलेली नाही.